भीमाबाईचा रेडिओ टिनाखालीच राहिला

दुरुस्त केलेला रेडिओ मी कधी दुकानातून देत नसे. गिऱ्हाइकाच्या घरी न्यायचा, कोपऱ्याकोपऱ्यात लावून पाहायचा आणि जिथं स्टेशन साफ लागेल तिथंच ठेवायचा. ‘रुपरावचं डोकं फिरलं,’ लोक म्हणत. म्हणेनात का!

गोळीबार चौकाजवळ मागावर लुगडी विणणाऱ्या भीमाबाईपुढं मात्र माझं काही चाललं नाही. एकाहत्तरच्या लढाईत तिचा एकुलता वसंत बेपत्ता झाला. रेडिओ त्यानंच सुटीत आणलेला. सरहद्दीपलीकडच्या स्टेशनवर संध्याकाळी आपले कैद झालेले जवान स्वतः बोलत, खुशाली सांगत. त्यात पोराचा आवाज ऐकायचा, एवढ्यावर म्हातारी जगत होती.

घराचं छप्पर अर्धं टिनाचं, अर्धं कवेलूचं, म्हणजे मातीच्या कौलांचं. टिनाखाली नुसती खरखर, कवेलूखालच्या कोपऱ्यात स्टेशन खणखणीत. पण त्याच कोपऱ्यात आदल्या वर्षी तिच्या नवऱ्याच्या नावाचा दिवा तेरवीपर्यंत तेवला होता.

“त्या जागेवरून माह्या लेकराचा आवाज नको गा,” ती म्हणाली.

“काहून हट्ट करता, भीमाबाई? टिनाखाली काही समजणार नाही.”

“मले समजते.”

मी चिडून रेडिओ टिनाखाली आदळला नि निघून आलो.

त्यानंतर ती रस्त्यात भेटली की सांगायची, “काल बोलला वसंत. सर्दी झाली वाटते त्याले.” गल्ली मान डोलवायची. माझं पित्त खवळायचं, पण तिच्या तोंडाकडं पाहून मी आपली वाट धरायचो.

मग कैदी सुटणार अशी बातमी आली. भीमाबाई स्वतः दुकानात आली. “कधी येतो ते सांगत असंल. साफ आयकू आलं पाहिजे. ठेव त्या कोपऱ्यात.”

ठेवला. तिच्याजवळ बसलो. एकेक आवाज समोर बसून बोलल्यासारखा आला. कोणी पंजाबी, कोणी साताऱ्याकडचा. वसंत नव्हता. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मला रडू येत होतं आणि रागही, कोणाचा ते आजही सांगता येत नाही.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, “उचल गा, रुपराव. टिनाखाली नेऊन ठेव.”

“तिथं काहीच ऐकू येत नाही, भीमाबाई.”

“तिथंच तर बोलत होता तो.”

मी रेडिओ उचलून टिनाखाली ठेवला. बटण तिनंच फिरवलं. खरखर सुरू झाली, तशी ती भिंतीला टेकून ऐकू लागली.