अक्षरांचं गाव आणि दादाची पांढरी भिंत

रात्री झोपलेच नाय मी. आरोही बाजूला झोपेत काहीतरी पुटपुटत होती आणि माझ्या कानात दादाचा संध्याकाळचा फोन. माझा सख्खा भाऊ. बोलला, "सोमवारी दोन्ही पोरांचे दाखले काढतोय. कल्याणला इंग्लिश मिडीयमला टाकतो." त्याची दोन पोरं गेली की आमच्या गावची शाळा गेली. आणि मला माझी आरोही गावी आईकडे ठेवून त्याच शाळेत घालायचीय. त्यासाठीच मागच्या आठवड्यात तिला घेऊन गावी जाऊन आले, ते सगळं सांगते. मी फोनमध्ये बोलते, फोन लिहितो. चुकलं तर संभाळून घ्या.

आम्ही बाळकुमला राहतो. मी टॉवरमध्ये पोळ्या करते, आमचे हे रिक्षा चालवतात. आरोही पहिलीत, इंग्लिश मिडीयम. टाय, बूट, सगळं आहे. इंग्लिश कविता धडाधडा म्हणते, पण पुस्तकात त्यातला एक शब्द दाखव म्हटलं तर माझ्या तोंडाकडे बघते. मॅडम बोलल्या, घरी अभ्यास घ्या. घरी कोण घेणार? मी सातवी. आता तर वर्गात ती तोंडच उघडत नाय. मला भीती वाटते, अशीच गप्प गप्प मोठी झाली तर?

हे बोलले, "जा, तुझी शाळा बघून ये एकदा."

शुक्रवारी पहाटे ह्यांनीच रिक्षाने कल्याणच्या एसटी स्टँडला सोडलं. काशेळीच्या पुलावर एवढं धुकं की खाली खाडी आहे का ढग, काय कळेना. आरोही माझ्या पदरात तोंड घालून बोलली, "मम्मी, आपण वर चाललोय का?" मुरबाडच्या एसटीला बायकांना अर्धं तिकीट, पोरांना पण अर्धं. मुरबाडला वडापाव खाऊन घ्या, पुढे काय मिळत नाय. तिथून जीप, ती भरल्याशिवाय हलत नाय.

जीपमध्ये एका मावशींनी विचारलं, "कुठं गं?"

"माहेरी. पोरीसाठी शाळा बघायला."

"ठाण्याची शाळा सोडून? अगं, लोक इकडनं तिकडं पळतात, तू उलटी कशी आलीस?" सगळी जीप हसली. मी पण हसले. काय करणार.

भात कापून झालेला. गावभर पेंढ्याचा वास, ऊन मऊ. आणि घराघरावर अक्षरं! प्रत्येकाच्या भिंतीवर एक, हाताएवढं मोठं. शाळेच्या बाईंनी गावाला विचारून काढलीत. आता गावात लोक पत्ता पण तसाच सांगतात. आई बोलली, "क च्या घरून विरजण आण जा."

शाळा म्हणजे दोन खोल्या, एकच बाई. मी होते तेव्हा पोरं दाटीवाटीने बसायची. आता शेतीवाल्यांची पोरं व्हॅनने इंग्लिश शाळेत जातात. उरली ती जास्त कातकरवाडीची. दिवाळी झाली की त्यांचे आईबाप वीटभट्टीवर जातात, पोरांना पण नेतात. बाई भट्टीवर जाऊन सांगतात, पोराला आजीकडे ठेवा. काहीजण ऐकतात.

मी बाईंना विचारलं, "शिकतात का पण?"

बाई बोलल्या, "तुम्हीच बघा." तिसरीतल्या सुगंधाला भज्याचा कागद दिला, कसलीतरी फाटकी बातमी. तिने अडखळत का होईना, वाचली. मग काय वाचलं ते सांगितलं पण. सगळीच तशी नाहीत, बाईच बोलल्या. भट्टीवरून परत येणारं पोर पुन्हा पहिल्यापासून धरावं लागतं. आणि पट अजून कमी झाला तर शाळा पलीकडच्या गावाला जोडतील, असं वरून सांगितलंय. मध्ये ओढा आणि हायवे. एवढी पोरं कशी जाणार?

शनिवारी सकाळी सुगंधाने आरोहीचा हात धरला. मोठ्या पोराने लहान पोराला गाव फिरवायचं, अशी तिथली पद्धत. मी मागे मागे. घर आलं की थांबायचं, अक्षर बोलायचं, त्याचा शब्द सांगायचा. आरोही पहिल्या घरांना गप्प. मग विहिरीजवळच्या घरापाशी एकदम ओरडली, "म! मम्मीचा म!" ओट्यावर पापड वाळत घालणारी म्हातारी बोलली, "गं बया, केवढा आवाज!" मला वाटलं मी स्वप्नात चालतेय.

शेवटी दादाचं घर. दिवाळीला त्याने भिंत पांढरी केलेली, अक्षर गेलं. तरी सुगंधा तिथे थांबली. कोऱ्या भिंतीकडे बघून बोलली, "ळ. बाळातला ळ." आरोही पण बोलली, "ळ."

जेवताना वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी. दादाने पोरांना कल्याणला टाकायचा विषय काढला. मी बोलले, "दाखले नको काढू रे."

"याच शाळेत शिकलो ना आपण? मी ट्रॅक्टर चालवतो, तू पोळ्या लाटतेस. अजून काय पायजे?"

"आरोहीला वाचता येत नाय, दादा."

"चल! एवढी इंग्लिश बोलते ती."

"पाठ आहे ते. गाणं आहे नुसतं."

"तुला काय कळतंय त्यातलं, सातवीवाली!" वहिनी हसली. मी भाकरी मोडत राहिले. तो वाईट नाय हो. त्याला पण भीतीच वाटते, माझ्यासारखी.

रविवारी परत आलो. आरोही रिक्षातून दुकानांच्या पाट्यांमध्ये म शोधत होती. सापडला की माझा हात दाबायची. आज पुन्हा तिला टाय बांधला. पुन्हा तोंड बंद.

तुम्ही हे वाचताय म्हणजे शिकलेले आहात. दादा शिकलेल्यांचं ऐकतो. त्याचा नंबर असा उघडा टाकत नाय, मला मेसेज करा, लगेच देते. इंग्लिश मिडीयम वाईट असं बोलू नका, भांडेल तो. एवढंच सांगा, की दाखले काढायच्या आधी एकदा सुगंधाचा हात धरून तुझ्या पांढऱ्या भिंतीपुढे उभा राहा. सोमवारच्या आत करा हो. माझ्या भावाला फोन करा.