बंद पडू दे, मग बघू

आमच्या ह्यांना सगळी गॅरेजलाइन बगळा म्हणायची. अंगाने काटकुळे, मान लांब, आणि कामाची तऱ्हाही तशीच: मासा वर येईपर्यंत हलायचं म्हणून नाही. गाड्यांच्या एसीचं काम करायचे. गॅस भरणं, पाइप बदलणं धाकट्या दिरावर सोपवलेलं. स्वतःकडे घ्यायचे ती दुखणी, जी कधी असतात आणि कधी नसतात. म्हणजे एसीचा पंखा. रस्त्यात बंद पडणार, आतल्या माणसांना घामाने नकोसं करणार, आणि गाडी गॅरेजच्या दारात आली की मेला शहाण्यासारखा वारा घालायला लागणार.

बाकीचे मिस्त्री अशा वेळी मोटर बदलून मोकळे व्हायचे. हे चिडायचे. "आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! चालू पंख्याला विचारून तो काय सांगणार, कुठे दुखतंय ते? बंद पडू दे, मग बघू." मग पंख्याच्या वायरीला एक छोटा दिवा जोडायचे, तो मांडीवर घ्यायचे आणि गिऱ्हाइकाशेजारी बसून गावभर हिंडायचे. पंखा थांबला आणि दिवा तसाच जळत राहिला, तर खोट मोटरमध्ये. दिवाही विझला, तर मोटर बिचारी निर्दोष. वीजच पोचत नाहीये, मग वायरीचा माग काढायचा. पण पंखा डोळ्यादेखत थांबल्याशिवाय हे एका स्क्रूला हात लावतील तर शपथ. एकदा असेच हिंडता हिंडता एका गिऱ्हाइकाच्या सासुरवाडीला पोचले, पोटभर जेवून आले, आणि पंखा तरी चालूच! मी विचारलं, "पंखा बघायला गेला होता की त्याची मेहुणी?"

ह्याच माणसाच्या छातीत दुखायला लागलं. तेही असंच, येऊन जाऊन. जिना चढताना कठड्याला धरून उभे राहायचे, ओठ पांढरे पडायचे. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं गायब. छातीला तारा लावून कागद काढला तरी त्यात काही नाही. परत येताना वर मलाच ऐकवायचे, "चालू गाडी नेलीस ना? उगीच डॉक्टरीणबाईंचा वेळ खाल्लास. बंद पडू दे, मग बघू."

माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. "बंद पडल्यावर कोण बघणार? मी? मला येतं का दुरुस्त करायला?" त्यावर हे हसायचे. ते हसणं माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही, आणि रागही जात नाही.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी एक डबीएवढं मशीन दिलं. तारा छातीला चिकटवायच्या, डबी गळ्यात अडकवायची आणि दिवसभर आपापली कामं करायची. दुखलं की ते आत टिपलं जाणार. हे एकदम खूश. "अगं, हा तर माझाच दिवा! फक्त ह्या खेपेला गाडी मी!" मला वाटलं, चला, ह्यांना कळेल अशा भाषेत सांगणारं कुणीतरी भेटलं. सकाळी मशीन लावून निघाले तेव्हा दारातून बजावलं, "काही झालं तरी काढायचं नाही." "नाही गं बाई," म्हणाले.

दुपारी डबा घेऊन गेले, तर मशीन भिंतीवरच्या खिळ्याला. पकडी आणि पान्यांच्या रांगेत टांगलेलं. तारा लोंबत होत्या, चिकटपट्ट्यांना छातीचे केस तसेच होते, आणि डबीवरचा हिरवा दिवा इमानेइतबारे लुकलुकत होता.

"वहिनी, माझ्यावर डोळे वटारू नका," दीर म्हणाला. "ती पांढरी टॅक्सी आली ना, दादा इतके दिवस जिच्यातून हिंडतोय. ड्रायव्हर फाटकातूनच ओरडला, बंद पडलाय, आत्ता बंद आहे! दादा उठला तो पळतच सुटला. तारा डॅशबोर्डखाली अडकतात म्हणाला, आल्यावर लावतो म्हणाला."

मी तशीच फाटकाकडे निघाले. वाटेत टॅक्सीचा ड्रायव्हर उलटा येताना दिसला. मिस्त्रींनी वायरीला गुंडाळायची चिकटपट्टी आणायला पिटाळलंय म्हणाला. बाहेर टॅक्सी उभी, इंजिन चालू, पुढचं दार सताड उघडं आणि दारातून बाहेर ह्यांचे पाय. एक चप्पल निसटून रस्त्यावर पडलेली. बाकी सगळं अंग उताणं आत, डॅशबोर्डखाली.

डबा बॉनेटवर आपटला आणि त्या पायांनाच धारेवर धरलं. "लाज नाही वाटत? परक्याच्या पंख्यासाठी दिवसचे दिवस घालवता, आणि स्वतःसाठी एक दिवस निघत नाही? काय सांगू डॉक्टरीणबाईंना? नवरा खिळ्याला टांगलाय, तपासा?" उत्तर नाही. काम करताना हे तोंडात स्क्रू धरायचे, त्यामुळे एरवीही बोलायचे नाहीत. म्हणून मी आणखीच पेटले. "आता का दातखीळ बसली? घरी या, मग बघते. बोला की!"

तेवढ्यात ड्रायव्हर पट्टी घेऊन धावत आला. दारातून येणारा वारा त्याच्या तोंडावर लागला. "वा मिस्त्री! ताई, हवा आली बघा! सापडलं त्यांना!"

पंखा भणाणत होता. माझ्या साडीचा पदर त्या वाऱ्याने हलत होता, आणि इतका वेळ माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी खाली वाकून तो अनवाणी पाय धरला, गदागदा हलवला. सोडल्यावर तो होता तसा पडून राहिला.

तोंडातले स्क्रू दिराने काढले. गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या वायरीचा नट ढिला होता, खड्ड्यात आदळलं की वायर सुटायची, असं तो मागाहून म्हणाला. ह्यांनी तो पार घट्ट आवळला होता.

मशीन परत द्यायचं होतं. टॅक्सीवाला मला चालत जाऊ देईना. डॉक्टरीणबाईंनी डबीतलं सगळं वाचून पाहिलं. सकाळचे ठोके ठीक आहेत म्हणाल्या, पुढचं काहीच नाही. खिळ्याचं काय टिपलं जाणार!

परत येताना रस्ता सगळा खड्ड्यांचा. ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघत होता. बिचाऱ्याला काहीतरी बरं बोलायचं होतं.

"ताई, मिस्त्रींचा हात लागल्यापासून एकदाही बंद पडला नाही बघा. एकदाही नाही."

"बंद करा तो," मी म्हटलं.

"उकडेल हो."

"उकडू दे. बंद करा आधी."