सामूच्या आईच्या दोन ओळी

रूथचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या होत्या. एका गिऱ्हाइकाच्या खांद्यावर कोट बसवत होतो आणि पाच-सहा टाचण्या ओठांत धरलेल्या, शिंप्याची सवयच ती. फोन कानाला लावला तर ती तिच्या इंग्रजीत म्हणाली, बाबा सकाळी गेले, झोपेतच गेले. मला उत्तर देता येईना. एकेक टाचणी काढून उशीवर खोचत राहिलो, तोवर ती पलीकडे थांबून होती. तिला वाटलं मी रडतोय. मी रडत नव्हतो... शेवटची टाचणी निघाल्यावर काय झालं ते मी इथे लिहिणार नाही.

याला आता सात आठवडे होतील. मी इथे आखातात, हमरियात, पंचेचाळीस वर्षं शिवणकाम करतो. गाव रायगडातलं, समुद्राकाठचं. उर्दू शाळा लांब होती म्हणून मराठी शाळेत गेलो, तीही चौथीपर्यंत. तरी हा लेख मी स्वतः लिहिलाय, कुणाला सांगून लिहून घेतलेला नाही. शुद्धलेखन पेपरवाल्यांनी बघावं, मजकुराला हात लावू नये.

सॅम्युएल साहेब पहिल्यांदा दुकानात आले ते आठ वर्षांपूर्वी. त्यांची मुलगी रूथ इथल्याच बौशरला एका शाळेत शिकवते. बायको वारल्यावर त्यांना इंग्लंडमध्ये एकटं ठेवायचं नाही म्हणून तिने इथे आणलं होतं. ब्याऐंशीचा काटकुळा म्हातारा, रंग आपल्यासारखाच, चालणं मात्र साहेबाचं. मी शिवलेली पॅन्ट त्यांनी हातात घेतली, उलटी केली आणि आतली शिवण बोटाने चाचपली. मग चक्क मराठीत म्हणाले, "तू आत माया नाही सोडली. मी जाडा झालो तर?"

मी दोनदा चिडलो. एक, शिवणीत जादा कापड ठेवलं नाही म्हणून माझ्या कामाला नाव ठेवलं. दोन, मला तू म्हणाले. मी म्हटलं, साहेब, या वयात तुम्ही जाडे व्हायचे नाहीत, आणि मला माझा मालक, तो अर्बाबसुद्धा अरेतुरे करत नाही. ते गोंधळले. नंतर कळलं, त्यांना तूशिवाय दुसरं येतच नव्हतं. त्यांची मराठी आईकडून शिकलेली, आणि ती सहाव्या वर्षी जिथे थांबली तिथेच राहिलेली. मोठ्या माणसाशी कसं बोलायचं ते शिकायच्या आधीच त्यांच्याशी मराठी बोलणारं कोणी उरलं नव्हतं. पण ते शब्द... "वायच थांब", "हय ये". असं माझी आजी बोलायची. मी विचारलं, तुमचं गाव कुठलं? त्यांनी नाव सांगितलं ते आमच्या खाडीपलीकडचं निघालं.

साहेब बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू; हे लोक आमच्याकडच्यांना माहीत असतात. गावात त्यांना शनवार तेली म्हणायचे. घाणा चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून द्यायचे. आमच्या शेजारीही एक घर होतं. मी लहान असताना ते सगळे इस्रायलला गेले, पण त्यांच्याकडून यायच्या त्या मलिद्याची चव माझ्या जिभेवर आहे. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. एलियाहू हन्नबीच्या नावाने करतात. आमच्यात त्यांनाच इलियास पैगंबर म्हणतात, म्हणजे माणूस ओळखीचाच.

सॅमसाहेबांचे वडील बोटीवर इंजिनात कामाला होते. ते बायकोला घेऊन लिव्हरपूलला राहिले आणि साहेब तिथेच जन्मले. दर शुक्रवारी जुम्यानंतर ते टॅक्सी करून दुकानात यायचे, खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत बसायचे, करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा मागवायचे आणि सूर्य बुडायच्या आत घरी जायला निघायचे, कारण मग त्यांचा शब्बाथ, शनिवारचा पवित्र विसावा, लागे. या मधल्या तीन-चार तासांत मी त्यांचं सगळं लहानपण ऐकलं, कापड कापता कापता.

दुसरी मोठी लढाई लागली तेव्हा ते सहा वर्षांचे. बंदरावर बाँब पडणार म्हणून शहरातली मुलं खेड्यापाड्यांत पाठवायचं ठरलं. आईने त्यांना एक लोकरी कोट शिवला आणि आत सगळीकडे चार-चार बोटं माया सोडली. लढाई किती वर्षं चालेल ते तिला कुठे माहीत होतं. कोटाला नावाची चिठ्ठी बांधली आणि आगगाडीत बसवून दिलं. गावातल्या एका दालनात मुलांना रांगेत उभं केलं, शेतकऱ्यांच्या बायका यायच्या आणि एकेक पोर निवडून न्यायच्या. सॅमसाहेब शेवटपर्यंत उभे. काळं पोर, त्यात ज्यू. संध्याकाळी एक राकट बाई उशिराने आली आणि उरलंय तेच द्या म्हणाली. साहेब हे हसत सांगायचे. मी एकदा म्हटलं, ह्यात हसण्यासारखं काय आहे? तर म्हणाले, "मास्टर, ती उशिरा आली म्हणून मला मिळाली. लवकर आली असती तर गोरा घेतला असता."

त्या बाईने पहिल्या सकाळी डुकराचं मांस वाढलं. साहेब खाईनात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तिने न बोलता उकडलेलं अंडं ठेवलं आणि पुढची पाच वर्षं अंडंच ठेवलं. दर हिवाळ्यात ती त्या कोटाची शिवण उसवून आतली माया थोडी थोडी बाहेर काढत गेली. तिथे शाळेत पोरं त्यांना इंडियन म्हणून चिडवत, आणि पुढे लिव्हरपूलच्या सिनेगॉगमधले गोरे ज्यू विचारत, तुम्ही खरे ज्यू का रे? मी म्हटलं, मग तुम्ही काय सांगायचे? "मी सांगायचो, तू थांब, आईला विचारून येतो."

लढाईत वडिलांची बोट त्यांच्यासकट बुडाली. आई सैनिकांचे कपडे शिवायच्या कारखान्यात लागली. बाँबमध्ये त्यांची गल्ली अर्धी गेली, पण घर राहिलं. लढाई संपल्यावर साहेब परत आले तेव्हा स्टेशनवर आईने आधी त्यांना ओळखलं नाही, कोट ओळखला. बाही कोपरापर्यंत आलेली. तिने तिथेच फलाटावर शिवण उलटून पाहिली. आत माया काही उरली नव्हती. "सगळी संपली रे," एवढंच म्हणाली आणि घरी घेऊन गेली. लढाई संपली तरी रेशन बरीच वर्षं राहिलं. पण वर्षातून एकदा ती ओट्स भिजवायची, त्यात गाजर किसायची, साठवलेली साखर घालायची, वर एक सफरचंद कापायची आणि ओठांतल्या ओठांत काही म्हणायची. पोहे कुठले आणि नारळ कुठला तिथे. साहेबांना वाटायचं हाच मलिदा. मी एकदा खरा मलिदा कशाचा असतो ते सांगितलं, तर मलाच म्हणाले, तुझा चुकीचा आहे.

दोन वर्षांपूर्वी ते एक वही घेऊन आले. आईची. मागच्या बाजूला तिने आपल्या वडिलांच्या पोथीतल्या प्रार्थना मोठ्या अक्षरांत उतरून घेतल्या होत्या, भाषा हिब्रू पण अक्षरं आपली बाळबोध. आणि पुढे मराठीत काहीबाही. आई गेल्याला साठ वर्षं झाली, साहेबांनी वही जपली, पण त्यांना ती वाचता येत नव्हती. रूथला तर मराठी बोलताही येत नाही. ज्यूची प्रार्थना ज्यूला वाचता येईना आणि कोकणी मुसलमानाला वाचता येते... मी छाती फुगवून चष्मा लावला.

इथे मला एक गोष्ट सांगायची आहे. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मुलगा ऑपरेशन कर म्हणून मागे लागला होता आणि मी करत नव्हतो. डोळ्याला कुणी सुरी लावायची नाही, बस्स. साहेब टोमणा मारायचे, "सुईत दोरा कोण घालतो तुझ्या?" मीच घालतो म्हणायचो. चाळीस वर्षांची सवय, बोटांनी घालत होतो.

वहीच्या मधल्या पानावर शाईच्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, आणि मी ते मोठ्याने वाचलं: "एलियाहू हन्नबी, माझा सामू सुखरूप परत आला तर खंडाळ्याला येऊन तुझा मलिदा करीन. माझ्याने झालं नाही तर सामू करील."

खंडाळा म्हणजे घाटातला नव्हे, अलिबागजवळचा. तिथल्या खडकावर एलियाहू हन्नबीच्या रथाच्या खुणा आहेत असं ते लोक मानतात. साहेबांना जन्मभर वाटत आलं होतं की आईने नवस केला तो वडिलांसाठी, आणि तो फळला नाही, म्हणून ती गप्प झाली. नवस त्यांच्यासाठी होता. फळलाही होता. ऐंशी वर्षं फेडायचा राहिला होता. आणि त्यांच्या हृदयाचं असं झालेलं की डॉक्टरने विमानात बसायला साफ मनाई केली होती.

"खाली काही लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

खाली पेन्सिलीने दोन ओळी होत्या. बारीक, पुसट, पानाच्या घडीवर. मला फक्त धूर दिसत होता. वाचता येत नाही हे तोंडून निघेना. ज्या एका गोष्टीत मी त्यांच्यापेक्षा शिकलेला होतो तीच हातची कशी जाऊ देऊ... मी म्हटलं, "नाही. एवढंच आहे."

मग आमचं भांडण झालं. मी म्हटलं इथेच करू, ते म्हणाले आईने जागा सांगितली आहे, दुसरीकडे केलेला धरत नाहीत. मी म्हटलं, पैगंबर काय फक्त अलिबाग तालुक्यात फिरतात काय? ते उठून गेले आणि तीन शुक्रवार आले नाहीत. चौथ्या शुक्रवारी आले ते पिशवी घेऊन. पिशवीत ओट्स आणि गाजरं. म्हणाले, "कर इथे. पण हे घालायचं."

माझ्या बायकोने, जोहराने, पोहे भिजवले, नारळ खवला. सहम गावच्या एका गिऱ्हाइकाने रिहानच्या, म्हणजे सब्जाच्या, जुड्या आणि खजूर दिला. पोह्यांत ओट्स आणि गाजर घालायला मी विरोध केला, हा मलिदा की घोड्याचा चारा, असं बोललो, त्या दिवशी मीही त्यांना अरेतुरे केलं. ते म्हणाले, "इतकी वर्षं देव ह्याच्यावर राहिला. आता नारळ मिळाला म्हणून हे टाकू?" मूठभर ओट्स गेले, एक गाजर गेलं. मी प्रार्थना एकेक शब्द वाचली, ते माझ्यामागून म्हणत होते. दुसऱ्या ओळीपासून त्यांना चाल आठवली आणि मग ते पुढे आणि मी मागे. गल्लीतला चहावाला, इस्त्रीवाला, शेजारचा घड्याळजी, आमचा अर्बाब, सगळ्यांना बोलावलं, सगळ्यांनी द्रोणातून खाल्लं. अर्बाबने गाजराचं कौतुक केलं.

साहेब खूश होते, पण पुरते नाही. पुढे दर थोड्या दिवसांनी विचारायचे, "मास्टर, खंडाळा राहिला. देवाने धरला असेल ना?" मी म्हणायचो, इन्शाल्ला. आणि ज्या खणात साहेबांनी माझ्याकडे सोपवलेली ती वही ठेवली होती तो खण उघडायचा टाळायचो. त्या दोन ओळींत काय अट घातली असेल आणि आम्ही काय चुकवलं असेल, ह्या विचाराने माझी झोप जायची. तरी डोळे दाखवले नाहीत. आज सांगतो, ही माझी चूक. पंचेचाळीस वर्षांत एका गिऱ्हाइकासमोर कबूल केली नाही तशी इथे छापून करतो.

रूथने त्यांना दफनाला इंग्लंडला नेलं. तिच्या आईशेजारी जागा होती. ती परत यायच्या आत मी मुलाला म्हटलं, चल, डोळा काप. त्याला वाटलं मला चक्कर आलीय. ऑपरेशनला वीस मिनिटं लागली. एवढ्यासाठी मी चार वर्षं हट्ट धरला होता.

गेल्या शुक्रवारी रूथ आली आणि वडिलांच्या खुर्चीत बसली. मी वही काढली. पेन्सिलीची अक्षरं आता खडूने लिहिल्यासारखी दिसत होती. मी वाचलं आणि मग तिला माझ्या तुटक्या इंग्रजीत सांगितलं:

"खंडाळा नाही जमला तर जिथे असशील तिथे कर. पण एकट्याने खाऊ नको सामू, चार माणसं बोलाव."

मी तिला सगळं खरं सांगितलं, की हे तुझ्या बाबांना ऐकायला मिळालं असतं तर त्यांचे शेवटचे दिवस निवांत गेले असते, आणि मी ते अडवलं. वाटलं होतं उठून जाईल. तिने त्या ओळींवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, न वाचताच तुम्ही दोघांनी जसं लिहिलं होतं तसंच केलं. कुणी सांगितलं म्हणून केलं असतं, तर ते एवढं बरं झालं नसतं. शिकवणारी बाई आहे, चांगलं बोलते. मला ते पुरतं पटलेलं नाही. पण तिने ठरवलंय, दर वर्षी मलिदा दुकानातच करायचा, आणि प्रार्थना तिला वाचता यावी म्हणून दर शुक्रवारी मी तिला बाळबोध शिकवायची. त्याच दिवशी अ, आ, इ झालं. चौथी पास माणूस मास्तरीणबाईला शिकवतोय, हे गावात कळवायला मी सांगितलं आहे.

निघताना टेबलावर एका पोरीचा शाळेचा फ्रॉक पडला होता, आदल्या दिवशी शिवलेला. रूथने तो उचलला, उलटा केला आणि आतली शिवण बोटाने चाचपली. तिच्या लक्षातही आलं नसावं. मी कात्री खाली ठेवली.

"चार बोटं आहे," मी मराठीतच म्हटलं. "बघ मोजून."