गोळी गेली कुठे?

“परबबाई गोळ्या घेत नाहीयेत. काढा त्यांना स्टडीतून,” कर्णिक सर म्हणाले आणि ग्राफ माझ्या टेबलावर ठेवला.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी साल असेल. मुलुंडच्या एका औषध कंपनीत मी अ‍ॅनालिस्ट होते, सर माझे बॉस. आमची स्टडी टॅमॉक्सिफेनची, म्हणजे स्तनाच्या कर्करोगावरच्या गोळीची. काही गाठींना वाढायला इस्ट्रोजेन हे हार्मोन लागतं. ही गोळी पेशीत जाऊन नेमकी त्याचीच जागा अडवते. आतड्यातून ती रक्तात येते, यकृत सावकाश तिचं रूप पालटतं, आणि बरीचशी पित्तावाटे शौचातून निघून जाते. हा प्रवास मोजणं माझं काम.

पेशंटच्या रक्ताचं सॅम्पल मशीनमध्ये घातलं की रेकॉर्डरचा पेन कागदावर रेघ ओढत जायचा. औषध आलं की रेघ टेकडीसारखी चढायची. दुपारी खिडकीबाहेरचे डोंगर धुरकट व्हायचे, एसी घुमत राहायचा, आणि मला वाटायचं, आपणही कुणाच्या तरी रक्तातून संथ वाहत चाललोय. सगळ्यांच्या टेकड्या उंच. परबबाईंची जेमतेम उंचवट्याएवढी.

भांडुपच्या या बाई पन्नाशीच्या. स्टडीतून काढलं की त्यांच्या गोळ्याही बंद. मी सरांकडे दोन दिवस मागितले.

दुसऱ्या दिवशी बाई, मी सांगितल्याप्रमाणे, तपासणीसाठी लघवीची बाटली घेऊन आल्या. मी ती उजेडात धरली आणि बघतच राहिले. नारिंगी! सरबतासारखी चमकत होती.

“असं कधीपासून?”

“झालो म्हयनो. पण मी एक दिवसपण गोळी चुकवूक नाय गो.”

“दुसरं काही औषध चालू आहे?”

त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, “टीबीच्या कॅप्सूल. घरात सांगा नको. सून माझी कपबशी येगळी ठेवील.”

म्हणजे रिफाम्पिसिन! त्याने लघवी नारिंगी होते, आणि यकृताला घाई सुटते. इतर औषधं ते भराभर संपवतं. बाई गोळी रोज गिळत होत्या. यकृत ती टिकू देत नव्हतं.

सरांनी बाटली पाहिली. “फॉर्मवर ‘इतर औषधं’ हा कॉलम आहे ना?”

“आहे, सर. ‘नाही’ लिहिलंय. मीच विचारलं होतं. सून शेजारी बसली होती.”

 सरांनी बाईंचे आकडे अभ्यासातून वगळले, पण गोळ्या चालू ठेवल्या; त्यांच्या डॉक्टरांनाही कळवलं. टीबीचा कोर्स संपल्यावर महिन्याभराने रक्त तपासलं. पेन चढत गेला, चढतच गेला. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, फॉर्म भरताना नातेवाइकांना मी बाहेर बाकावर बसवत राहिले.