पाय टेकणारी गाडी

दमलेय मी. गाडी चालवून नाही, ते दमणं नंतर आलं. आधी गाड्यांवर नुसतं बसून बसून दमले. पाऊस सरल्यापासून दिवाळीपर्यंत मी आमच्या खोऱ्यातल्या इतक्या मोटारसायकलींवर बसले की कुणाची सीट फाटलीय, कुणाच्या सीटखाली भाताचा तूस अडकलाय, कुणाची गाडी स्टँडवरून काढताना किंचाळते, हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. आणि प्रत्येक गाडीवर तेच. टांग टाकायची, बसायचं, खाली बघायचं. दोन्ही पायांचे अंगठे जमीन शोधत लोंबकळतायत.

थांबा, नीट पहिल्यापासून सांगते, नाहीतर मी मधलंच टाईप करत सुटते.

आमची वाडी पालीच्या वरच्या अंगाला. राजगड दारातून दिसतो, त्यामुळं आम्ही तो बघत नाही, बघणारे शनिवार-रविवारी येतात. मी नसरापूरला एका लॅबमध्ये कामाला आहे. रक्त काढायचं, बाटल्यांवर नावं लावायची, मशीनला द्यायचं. काम मला लई आवडतं. पण तिथं पोचायचं म्हणजे वाडीवरून फाट्यापर्यंत चालत, फाट्यावर एसटी आली तर एसटी, नाहीतर जीप, टेम्पो, जे थांबेल ते. संध्याकाळी तेच उलटं, वर चढ. घरी येईपर्यंत पोटऱ्यांचे दगड झालेले असायचे. आई ताट वाढायची आणि मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसल्या जागी झोपलेली असायचे.

त्यात लॅबच्या मॅडमनी सांगितलं की उपाशीपोटी रक्त द्यायला येणारी माणसं सकाळी सातला दारात उभी असतात, आणि पहिली एसटी मला पोचवते तेव्हा ती चहा पिऊन घरी गेलेली असतात. दिवाळीनंतर सातला पोचायची सोय झाली तर ठीक, नाहीतर त्या नसरापुरातलीच मुलगी बघणार. मॅडम वाईट नाहीत, त्यांचंही खरं होतं. मी घरी नसरापुरात खोली घेऊन राहायचा विषय काढला. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुसऱ्या दिवशी आत्याला फोन करून कुठं एखादं स्थळ आहे का विचारलं. मी समजले. गाडी झाली तर नोकरी, नाही झाली तर स्थळ.

गाडीला मात्र आप्पा हो म्हणाले, आणि त्याचं कारण दूध. आमच्या म्हशींचं दूध फाट्यावरच्या डेअरीत जातं. रोज सकाळी आप्पा एक किटली डोक्यावर, एक हातात घेऊन पायवाटेनं उतरायचे. त्यांचे गुडघे आता आवाज करतात. जाता जाता दोन्ही किटल्या मी गाडीवरून न्यायच्या, म्हणजे त्यांचं उतरणं वाचेल, असा हिशेब. स्कूटर नको हे आधीच ठरलं होतं, कारण चुलत्यांच्या सुनेची स्कूटर आमच्या ओढ्यातल्या गोट्यांत अशी अडकली होती की चार जणांनी उचलून काढली. बारीक चाकांचं आमच्या रस्त्यावर काही चालत नाही. आणि गाडी जुनीच घ्यायची, कारण शिकणारी ती पाडणारच, असं सगळ्यांचं एकमत.

एवढं एक सोडलं तर कशातच एकमत नव्हतं. गाडी घ्यायचीय म्हटल्यावर जो तो शहाणा. दळण आणायला गेले तरी गिरणीवाला एव्हरेज सांगायचा.

सगळ्यात जोरदार मामा. मामा भाटघरला असतात, त्यांच्याकडं मोठी गाडी आहे, टाकी एवढी फुगलेली की पुढून बघितलं तर मामा दिसतच नाहीत. त्यांचं म्हणणं, नवीन माणसानं जडच गाडी घ्यावी, जड गाडी रस्त्याला धरून चालते, हलकी वाऱ्यानं उडती. रविवारी मला धरणाकडच्या रस्त्याला नेलं आणि त्यांच्या गाडीवर बसवलं. आणि खरं सांगते, चालायला लागल्यावर मला जमलं. लई भारी वाटलं. उजवीकडं पाणी, समोर रस्ता मोकळा, मामा मागं लहान होत चाललेले. मग थांबायची वेळ आली.

थांबताना मी उजवा पाय खाली सोडला. खाली काहीच नव्हतं.

गाडी पडते तेव्हा ती पटकन पडत नाही. आधी जराशी कलते. त्या वेळात तुम्हाला वाटतं की सावरेल. मग तिचं सगळं वजन एकदम आठवल्यासारखं येतं. पोटरीला सायलेन्सर लागला, त्याचा डाग अजून आहे. मामांनी धावत येऊन आधी गाडी उचलली, मग मला. मग त्यांनाच कसंतरी वाटलं असावं, भोरला नेऊन भेळ खायला घातली. भेळ खाताना म्हणाले, "तुजे पायच आखूड हायेत गं. त्याला गाडी काय करणार?"

सहज म्हणाले. पण ते मला चिकटलं. त्या दिवसापासून मी गाडी शोधतच नव्हते, मी माझे पाय मोजत होते. लॅबमध्ये उभी राहून काचेत बघायचे. काउंटरला तर माझे पाय पुरत होते.

मग दादा. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, शेजारच्याच घरातला. त्याची गाडी साधी, शंभरची, आमच्याकडं घराघरात असते तशी. हलकी. पडली तर मी एकटी उचलू शकते, आणि मी ती उचललीसुद्धा, तीनदा. रोज संध्याकाळी मी दमून आल्यावर तो मला शाळेपुढच्या पटांगणात शिकवायचा. चालवणं यायला लागलं, पण थांबणं येईना. अंगठे टेकायचे, टाच नाही. सपाट जमिनीवर तेवढ्यावर निभायचं, पण आमच्या उतारावर, खडीवर, ओढ्याच्या तोंडाशी अंगठ्यावर गाडी तोलायची म्हणजे सर्कस. दादाचं उत्तर ठरलेलं, एक पाय टेकला तरी बास, आमी बी असंच शिकलो. त्याच्या गाडीचा पुढचा ब्रेक पण लागत नव्हता. आमच्याकडं बरेच जण तो मुद्दाम सैल करून ठेवतात, चुकून दाबला तर तोंडावर पडतो म्हणून. मी विचारलं, मग ती दांडी कशाला ठेवलीय? म्हणाला, दिसायला.

मी विंझरपर्यंत विकायला असलेल्या गाड्या बघून आले. दादाच्या दोस्तांच्या, पाहुण्यांच्या, दुकानापुढं उभ्या असलेल्या. सगळ्या साध्या, सगळ्या हलक्या, आणि सगळ्यांवर माझे अंगठे लोंबकळत. एकानं सांगितलं सीटचा फोम कापून घे. एकीनं सांगितलं जाड तळाचे बूट घाल. आईनं सांगितलं, जाऊ दे, एसटीवाल्यालाच सांग लवकर ये म्हणून. आई चेष्टा करत होती, पण मला रडू आलं, कारण दिवाळी पुढच्या आठवड्यात होती आणि मला आता खरंच वाटायला लागलं होतं की खोट माझ्यातच आहे. आत्याचा दोनदा फोन येऊन गेला होता.

त्याच आठवड्यातली सकाळ. मी फाट्यावर एसटीची वाट बघत उभी. डेअरीपुढं नेहमीसारखी रांग, दादा त्याच्या किटल्या घेऊन आलेला. गाडीच्या दोन्ही बाजूंना दोन भरलेल्या किटल्या लटकवलेल्या, त्याला आत काहीतरी विचारायचं होतं. तिथली जमीन ओली, भरल्या किटल्यांसकट स्टँड रुततो, म्हणून त्यानं मला हाक मारली, जरा गाडी धर. मला धरायचासुद्धा कंटाळा आला होता. उभ्यानं धरण्यापेक्षा मी सरळ टांग टाकून बसले.

बसले आणि एसटी येते का ते बघत राहिले. खाली बघायची सवय होती म्हणून मग खाली बघितलं.

दोन्ही तळवे जमिनीवर. टाचांसकट.

मी हलले नाही. वाटलं उंचवट्यावर उभी असेन. जरा पुढं सरकवली, तरी टेकलेलेच. दादा आला, त्यानं एक किटली काढली, गाडी जराशी वर आली. दुसरी काढली, आणि माझ्या टाचा उचलल्या गेल्या. पाण्यात उभं असताना लाट आली की कसं होतं, तसं. मी म्हणाले, "दादा, किटल्या परत लाव."

"का गं, दूध परत न्यायचंय व्हय घरी?" रांगेतलं कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. पण दादानं लावल्या. टाचा टेकल्या. काढल्या. उचलल्या. परत लावल्या. मागचे लोक ओरडायला लागले. दादा गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसला आणि मग त्यानं कपाळाला हात लावला.

तर झालं होतं असं. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला दोन बाजूंनी स्प्रिंगा असतात, शॉकअप म्हणतात. त्यांना खालच्या अंगाला खाचा असतात, पान्यानं फिरवलं की स्प्रिंग घट्ट होते आणि गाडी मागून उचलली जाते. आमच्याकडं गाडी घेतली की नारळ फोडायच्या आधी लोक शॉकअप शेवटच्या खाचेपर्यंत घट्ट करून घेतात. दुधासाठी. नाहीतर भरल्या किटल्यांनी गाडी बसते आणि ओढ्यात खाली दगड लागतो. हे इतकं नेहमीचं आहे की कुणाला ते केलंय हेच आठवत नाही. मी दोन महिने ज्या ज्या गाडीवर बसले, ती प्रत्येक गाडी दुधाच्या मापाची होती. माणसाच्या मापाची एकपण नव्हती. मामांची गाडी मुळातच उंच होती, ती गोष्ट वेगळी.

त्या दिवशी माझी एसटी गेली. मी बघितली जाताना.

मग लवकर झालं सगळं. दादाच्या दोस्ताची जुनी शंभरची गाडी बघून ठेवलेली होती, हलकी, टायर चांगले. तीच घेतली. आप्पा आणि मी ती विंझरच्या गॅरेजला घेऊन गेलो. मी सांगितलं, शॉकअप सैल करा, आणि पुढचा ब्रेक नीट लागला पाहिजे. गॅरेजवाल्यानं आप्पांकडं बघितलं. आप्पा म्हणाले, ती सांगती तसं करा. हेल्मेट मी नवीन घेतलं. लर्निंग लायसन आधीच काढलेलं होतं. गाडीवर बसले, पाय टेकले, पुढचा ब्रेक हळूहळू दाबून बघितला, गाडी शहाण्यासारखी थांबली. तोंडावर काही पडले नाही.

पण घरी आल्यावर आप्पांनी दोन्ही किटल्या भरून लावल्या, आणि ओढ्यात पहिल्याच दगडाला गाडी खालून खाडकन लागली. मागचं टायर मडगार्डला घासायला लागलं. मी थांबले. पाय टेकलेले होते, म्हणून थांबता आलं. आप्पा मागून चालत येत होते, त्यांनी ऐकलं.

घरी परत आलो. आप्पा गाडीपाशी बसून राहिले. मला माहीत होतं ते काय विचार करतायत. गाडीला हो म्हटलं ते दुधासाठी, स्वतःच्या गुडघ्यांसाठी. शॉकअप घट्ट करायला गॅरेजवाल्याला पाच मिनिटं लागली असती. मी एवढी दमले होते की भांडायचीसुद्धा ताकद नव्हती. मनात म्हटलं, करा घट्ट, मी जाईन अंगठ्यांवर.

शेवटी त्यांनीच विचारलं. "घट्ट केलं तर तुजं पाय?"

"न्हाई टेकत, आप्पा."

चुलीजवळून आई म्हणाली, "दूध उद्याबी निघतंय. पोरगी पडली तर?"

आप्पांनी एक किटली काढली, बाजूला ठेवली. दुसरी सीटच्या मागं मधोमध ठेवून दोरीनं बांधून बघितली, हलवून बघितली. मला बसायला सांगितलं. माझ्या टाचांकडं बघितलं, गाडीच्या पोटाकडं बघितलं. म्हणाले, "एकच ने." आणि उठताना गुडघ्यावर हात ठेवून उठले.

आता मी सातच्या आधी लॅबमध्ये असते. उपाशी माणसं दारात उभी असतात, मी कुलूप काढते. दमणं काही गेलं नाही, फक्त जागा बदलली, पोटऱ्यांतून मनगटात आणि पाठीत आलं. संध्याकाळी वाडीच्या शेवटच्या वळणावर, जिथं चढ सगळ्यात वाईट आहे आणि खडी उडते, तिथं मी अजून घाबरते. तिथं थांबते, दोन्ही पाय खाली सोडते, श्वास घेते, आणि मग पुढं. मागून दादा आला तर हॉर्न वाजवतो. वाजवू दे.

सकाळी मी किटली बांधून निघते तेव्हा आप्पा दुसरी घेऊन आधीच निघालेले असतात. माझा रस्ता वळणावळणाचा, त्यांची पायवाट सरळ खाली. मी सावकाश येते, ओढ्यात थांबते, उतारावर थांबते. फाट्यावर पोचते तेव्हा ते डेअरीपुढं किटली खाली ठेवून उभे असतात, धोतरानं गुडघा पुसत. मी गाडी थांबवते. ते दुधाकडं नाही, खाली माझ्या टाचांकडं बघतात, आणि मगच दोरी सोडायला पुढं येतात.