वायरलेसवर घेतलेलं नाव

सोलापूरच्या दवाखान्यात सकाळी म्या बाहेरच्या बाकड्यावर बसले व्हते, रेणूला चहात बुडवून पाव चारत व्हते, तवा नर्सबाई दारात आली आन् ह्येंचं नाव घेऊन मोठ्यानं म्हणाली, "ह्यांचे नातेवाईक कोण?" कसं मोकळं नाव घेतलं तिनं, कुणाचंबी घ्यावं तसं. म्या उठलेच न्हाय. मला वाटलं, उठले की ती सांगणार, आन् बसूनच ऱ्हायले तर सांगायचं राहून जाईल... रेणूच म्हणाली, "माझे पप्पा हायत ते." नर्सबाईनं आधी पोरीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आन् तिचा आवाज एकदम खाली गेला. तवाच कळलं मला. पुढचं तिनं काय सांगितलं ते म्या ऐकलंच न्हाय, पाव तेवढा चहात विरघळताना बघितला.

आमी जळकोटचे, घरची मेंढरं. ह्येंच्या घरात कुणी समुद्र बघितला न्हवता. वळखीच्या एकानं मालाच्या बोटीवर खलाशाचं काम लावून दिलं, तवा माझे सासरे, आबा, पार चिडले. म्हणाले, "मेंढरं राखणारा माणूस तू, बोटीवर काय राखणार रं?" हे हसले. "पाणी राखतो की आबा. मेंढरावाणी दुसऱ्याच्या रानात तरी शिरत न्हाय ते." लई हसलो आमी त्या दिवशी, आत्याबी हसल्या, आत्या म्हंजे माझ्या सासूबाई... आन् मग ते पाणी शिरलं वो. बोटीतच शिरलं.

वादळात बोट बुडाली असं आमाला मोबाईलवरच्या बातमीत कळलं. ह्येंना फोन लावला की बंद, लावला की बंद. आत्यांनी चूल पेटवली न्हाय, आबा मेंढराच्या वाड्यात जाऊन बसले ते बाहेरच येईनात, रेणू भुकेनं रडती आन् मला तिचं रडणंबी ऐकू येईना. दुसऱ्या दिवशी हवालदार गाडीवर आले, हेल्मेट काढायच्या आधीच वरडले, "जिवंत हाय! वायरलेसवर निरोप आलाय, दुसऱ्या जहाजानं उचललंय!" आत्या त्येंच्या पायावर पडायला गेल्या, ते बिचारे मागं सरता सरता गाडीवरच आदळले.

पर हे सोता बोलले न्हवते ना. निरोप काय, कुणीबी लिहून धाडतंय. माझा जीव कुठं ठिकाणावर येतोय... मग दुपारी फोन वाजला. किनाऱ्यावरच्या हापिसातला माणूस व्हता. म्हणाला, जहाज लांब हाय, तिथं मोबाईल लागत न्हाय, म्या हा फोन वायरलेसला धरतो, तुमी बोला. एकानं बोलायचं, बोलून झालं की ओव्हर म्हणायचं, मग दुसऱ्यानं बोलायचं. म्या म्हणलं, व्हय. तो म्हणाला, "कुणाला बोलवायचं? नाव घेऊन मोठ्यानं हाक मारा. तिकडं लई माणसं आडवी पडल्यात."

आता नाव कसं घ्यायचं? लग्नात घास भरवताना उखाण्यात घेतलं तेवढंच, तेबी पदर तोंडावर धरून. आमच्याकडं बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्येचं आयुष्य कमी व्हतं म्हणत्यात. अंगणात सारी गल्ली जमलेली. म्या म्हणलं, "रेणूच्या पप्पांना द्या." तो म्हणाला, "अहो ताई, मला रेणू कुठं ठावं? नाव!" म्या फोन आबांच्या तोंडापुढं धरला, तर त्येंचे नुसते ओठ हालायले. फोनमधी खरखर वाढली. तो म्हणाला, "लवकर, लाईन जाईल."

म्या वरडले. नाव घेऊन वरडले, शेतातलं माणूस बांधावरून बोलवावं तसं. दोनदा.

मग खरखर... आन् मग ह्येंचा आवाज. घसा पार बसलेला. "हाय म्या. ओव्हर." एवढंच. म्या रडायलेच, ओव्हर म्हणायचं इसरले, तर तो हापिसातला माणूस मधीच म्हणतोय, "ताई, ओव्हर म्हणा, ओव्हर!" तेवढ्यात लाईन गेली. गल्ली हसत व्हती, रडत व्हती. आत्या तेवढ्या माझ्याकडं टक लावून बघत व्हत्या. हळूच म्हणाल्या, "नाव घेतलंस गं..."

हे घरला आले ते निम्मेच आले. तरीबी चेष्टा सुटली न्हाय. मेंढरं धुताना कसं मान आन् मागचा पाय धरून वर घेत्यात, तसंच मला जाळ्यातनं वर घेतलं, म्हणायचे, लोकर तेवढी काढायची ऱ्हायली. पाण्यावर डिझेल पसरलेलं व्हतं, ते पोटात, छातीत गेलेलं. डोळेबी उघडत न्हवते म्हणं. "सगळी म्हणत व्हती, ह्यो गेला. मग त्या पेटीतनं तुझी हाक आली. उखाण्यातलं सोड, हाक मारलीस ती पयलीच. म्हणलं, आता उठलंच पायजे, न्हायतर ही परत न्हाय मारायची."

रेणूला हीच गोष्ट रोज पायजे असायची. तिच्यासाठी त्येंनी पावडरच्या रिकाम्या डब्याला छत्रीची काडी लावून वायरलेस करून दिला. मग घरात सारखं तेच. "रेणूबाई, जेवलात का? ओव्हर." "जेवले. ओव्हर." आन् दुसऱ्याची बारी असली की गप बसायचं, हा नियम. मला म्हणायचे, "एकदा तरी मार की गं हाक." म्या म्हणायची, "गप बसा." मला आत्यांची ती नजर आठवायची. ह्येंचा खोकला तवा वाढत चालला व्हता, दोन पावलं चालले की भिताड धरायचे. म्या कशी घेणार व्हते नाव? हाय तेवढं तरी आयुष्य ऱ्हाऊ दे म्हणून दात आवळून बसले. दवाखान्यात नेताना गाडीतबी म्हणाले, "मार की..." म्या मान हालवली. त्येंनीबी मग डोळे मिटले.

डॉक्टर म्हणाले, त्या तेलानंच छाती गेली. मला कळतंय ते. सातवीपातूर शिकलेय म्या. पर भ्या कुठं कळण्यावर थांबतंय... बारावा झाल्यावर आत्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "त्या दिशी नाव घेतलंस तवाच माझ्या काळजात लकलकलं व्हतं." आन् सोताच पिठाच्या हातानं तोंड झाकून रडाया लागल्या. त्या नावानं हे उठले का त्याच नावानं गेले, ह्ये मला कोण सांगणार? आता रेणूला घेऊन पुढं कसं जगायचं, तेबी कोण सांगणार...

परवा दिवेलागणीला रेणू उंबऱ्यावर बसली, डबा तोंडाला लावून. "पप्पा, जेवलात का? ओव्हर." थांबली. परत म्हणाली. परत थांबली. मग डबा माझ्याकडं आणला. "आई, तू बोल. तू नावानं हाक मारलीस की ते येत्यात. मागं आलते ना?"

म्या चुलीकडं बघितलं. आत्यांनी वर न बघताच म्हणलं, "घे बाई. आता काय कमी व्हायचं ऱ्हायलंय त्येचं."

छत्रीची काडी गालाला टोचत व्हती. म्या म्हणलं, "बिराप्पा... अवो बिराप्पा... ओव्हर."

आन् पुढं काय बोलाया गेले तर रेणूनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "गप," म्हणाली, "आता पप्पांची बारी हाय."