दोन दिव्यांची लामियद

लामियद कॉफीच्या टपरीपाशी आली की लुंग ख्लाय दोन्ही हातांनी डोळे झाकून घ्यायचा. "विझव बाई, विझव, दिवस उगवलाय," म्हणायचा, आणि बाकीचे ग्लासात तोंड घालून हसायचे. थायलंडच्या त्या भागात लुंग म्हणजे काका, आणि या काकाला तसं म्हणायचा हक्क होता. एकदा पहाटे तो हरवलेली गाय शोधत तिच्या रबराच्या बागेत शिरला होता. लामियदनं कसलीही विचारपूस न करता बॅटरीचा झोत त्याच्या डोळ्यांत मारला. म्हातारा आंधळ्यासारखा चार पावलं मागं सरकला आणि चरात पडला. गाय तिसऱ्या दिवशी आपली आपण घरी आली, पण काकाचा हात महिनाभर गळ्यात बांधलेला होता.

"आधी 'कोण आहे' म्हणून आवाज तरी द्यायचास," तो कुरकुरायचा.

"अंधारात मी कुणाला आवाज देत नाही," लामियद म्हणायची.

"त्यापेक्षा डोळे फोडलेले बरे, नाही का?"

"फुटले का? कालच तर तुम्ही लांबून माझ्या पिशवीतले मासे मोजत होतात."

थुंग सोंगकडच्या त्या गावात जवळजवळ सगळेच रबराचा चीक काढायचे, आणि ते काम अंधारातलंच. ऊन तापलं की चीक वाहायचा थांबतो. म्हणून रात्री दोनला घर सोडायचं, कपाळाला दिवा बांधायचा, डासांची उदबत्ती डबीत घालून कमरेला लटकवायची, आणि झाडामागून झाड घेत सालीला तिरकी चीर देत जायचं. कपाळावरच्या दिव्यात हातभर साल दिसते आणि खाली बांधलेली वाटी दिसते. त्याच्या पलीकडं काय आहे ते विचारायचं नाही. सगळ्या गावाला तेवढा एक दिवा पुरायचा. लामियदला पुरत नव्हता. तिच्या पट्ट्यात तीन सेलची जड बॅटरी खोचलेली असायची, आणि ती गेली चौदा वर्षं होती.

"कपाळावरचा कामाचा, हा जिवाचा," ती सांगायची. वाट्यांत साकळलेला चीक चोरायला चोर येतात, रानडुकरं येतात, दारू ढोसून वाट चुकलेले बाप्ये येतात, आणि त्यातले काही मुद्दाम चुकलेले असतात. हे सगळं खरंच होतं. नवरा गेलेली एकटी बाई, जपणारच, असं म्हणून लोकांनी विषय सोडून दिला होता. लोकांना एखादं कारण पटलं की ते दुसरं शोधत नाहीत, आणि लामियदनं त्याचाच आडोसा घेतला होता. चोराची भीती तिला कधीच वाटली नव्हती.

तिच्या बागेला लागून चामलोंगची बाग होती. चामलोंग तिची लहानपणापासूनची मैत्रीण. एकीच्या चुलीवर काही शिजलं की दुसरीच्या घरी वाडगं जायचं, एकीचा नवरा भांडला की दोघी मिळून त्याला फैलावर घ्यायच्या. दोन बागांच्या मध्ये नुसता एक चर होता. पहाटे कामाला लागताना दोघी चरापाशी यायच्या आणि कपाळावरचा दिवा हातानं दोनदा झाकायच्या. मी आले, तू आलीस, एवढंच. बोलायचं नाही. तिथं अंधाऱ्या बागेत कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही, आणि आलीच तर ओ देत नाही. मेलेलं माणूस ओळखीच्या आवाजात बोलावतं, आणि ओ दिली की आपल्याबरोबर घेऊन जातं. पण मेलेल्याला दोनदाच हाक मारता येते. तिसरी आली तर ते जिवंत माणूस समजायचं आणि धावत जायचं. हे तिथं पोरांना बोलायला लागतानाच शिकवतात.

त्या पहाटे लामियदला उशीर झाला होता. चरापाशी जायचं राहून गेलं, आणि ती सरळ बागेच्या दुसऱ्या टोकापासून कामाला लागली. दहाबारा झाडं झाली असतील, तेवढ्यात हाक आली. "मियद." लहानपणापासून तिला असं एकटी चामलोंगच म्हणायची. लामियदनं कपाळावरचा दिवा विझवला आणि ती झाडाच्या बुंध्याशी बसली. चराकडं पाहिलं तर तिकडं दिवा नव्हता, आणि दिवा नाही म्हटल्यावर तिच्या पाचावर धारण बसली. दुसरी हाक आली. मग बराच वेळ गेला, आणि तिसरी आली.

ती तिनं स्वच्छ ऐकली. आता उठायचं, हे तिला कळत होतं. पण पाय हलेनात. आपण मोजायला चुकलो असू, असं तिनं मनाला सांगितलं. दुसरी म्हणजे पहिलीचाच घुमलेला आवाज असेल. आणखी एक येऊ दे, मग उठू. चौथी हाक आलीच नाही. उजाडायच्या आत लामियद मागच्या वाटेनं घरी गेली, थोडाफार चीक होता तो ओतून दिला आणि पांघरूण घेऊन पडली.

सकाळी सातला चामलोंगच्या नवऱ्याला, प्राचुअपला, ती चराच्या काठाशी सापडली. दिव्याचे सेल संपले होते. अंधारात चाचपडत येताना तिचा पाय सापावर पडला होता. पाचोळ्याच्या रंगाचा असतो तो साप, पाय पडेपर्यंत जागचा हलत नाही. पाय मांडीपर्यंत सुजला होता, हिरड्यांतून रक्त येत होतं. दोन दिवसांनी ती दवाखान्यातच वारली. दोन तास आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. सरणापाशी प्राचुअपनं लामियदला विचारलं, "तू नव्हतीस ना गं त्या दिवशी बागेत?"

"नव्हते," लामियद म्हणाली. "ताप होता मला."

दुसऱ्याच आठवड्यात तिनं बॅटरी घेतली. दर अमावास्येला ती सेल बदलायची, जुने चांगले असले तरी. कारण चामलोंगनं हाक मारायचं सोडलं नव्हतं. रोज नाही, पण पाऊस उघडल्यावर पाचोळा ओला असला की हमखास. चराकडच्या ओळीत लामियद पोचली की एकदाच, अगदी साध्या आवाजात, "मियद." हातातला चाकू सालीत खोल जायचा. ती बॅटरी काढून झोत टाकायची. चर, पाचोळा, चामलोंगच्या झाडांवरच्या पालथ्या वाट्या. कुणी नसायचं. ओ दिली तर ती आपल्याला नेणार, आणि तिला तसा हक्कच आहे, असं लामियदला वाटायचं. हक्क आहे हे कबूल असूनही मरायची तिची तयारी नव्हती, म्हणून ती ओठ मिटून उभी राहायची.

चौदा वर्षांनी त्या पालथ्या वाट्या उताण्या झाल्या. प्राचुअपचे गुडघे गेले होते, झाडं इतकी वर्षं ओसाडच पडलेली. त्याची मुलगी कानिथा हाट याई शहरातल्या हातमोज्यांच्या कारखान्यातली नोकरी सोडून आली आणि म्हणाली, आता आईची बाग मीच बघणार. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. पहिल्या पहाटे ती मोबाईलचा उजेड पाडत चरापाशी आली, तेव्हा लामियदला घाम फुटला. चालणं चामलोंगचंच होतं, एक खांदा जरा खाली टाकून.

"पा, मला शिकवशील ना?" कानिथा म्हणाली. पा म्हणजे मोठी मावशी.

लामियदनं शिकवलं. आईनं लेकीला शिकवावं त्याहून जीव लावून शिकवलं, कारण आई नसण्यात तिचा हात होता. साल किती कापायची, चाकू कसा ओढायचा, पाऊल टाकायच्या आधी पाचोळा काठीनं कसा चाळवायचा. आणि स्वतःच्या बॅटरीसारखीच एक बॅटरी तिच्या हातात दिली.

"ही पोटाशी धरायची नाही. अंगापासून लांब, खांद्याच्या वर. माणूस उजेडावर धावून येतो. उजेड एकीकडं, तू दुसरीकडं. अंगठा कायम बटणावर ठेव. कुणी पुढ्यात आलं तर डोळ्यांत झोत मारायचा, लगेच विझवायचा आणि बाजूला सरकायचं. मागं नाही, बाजूला. त्याला पाच मोजेपर्यंत काही दिसत नाही. तेवढ्यात पळायचं."

"आणि पळता नाही आलं तर?"

"तर तीन सेलचं वजन कशासाठी आहे? नाकावर."

"लुंग ख्लायला वाचवलंस म्हणायचं."

"गाईवर दया आली," लामियद म्हणाली.

कानिथा मोठ्यानं हसली. चामलोंगच्या मागं त्या चरावर कुणी हसलं नव्हतं. मग तिनं विचारलं, "आणि पा, हाक आली तर?"

नेमकं सांगायची हीच वेळ होती. पण लामियद म्हणाली, "माझा आवाज असला तर पहिल्याच हाकेला ओ दे."

"आणि भूत निघालं तर?"

"तर भूत आणि मी, आमचं आम्ही बघून घेऊ."

त्या दिवसापासून लामियदच्या जिवाला दुहेरी घोर लागला. पोर रोज चरापाशी यायची, कपाळावरचा दिवा दोनदा झाकायची, सकाळी डब्यातला भात आणि झणझणीत कालवण अर्धं तिच्यापुढं सरकवायची. सांगितलं तर ही जाईल. नाही सांगितलं तर हिच्या हातचा घास रोज गिळायचा. लामियद रोज म्हणायची, उद्या. तिच्या उद्यांना अंत नव्हता.

जानेवारीत, तिकडचा पावसाळा सरता सरता, दोन दिवसांचा पाऊस उघडल्यावरची पहाट होती. पाचोळा भिजून गप्प झाला होता, पावलाचा आवाजही येत नव्हता. दोघींनी दिवे झाकले आणि आपापल्या कामाला लागल्या. तासाभरानं लामियद चराकडच्या ओळीत आली आणि तिनं सवयीनं पलीकडं पाहिलं. कानिथाचा दिवा नव्हता. झाडाआड असेल म्हणून ती थांबली. दिवा दिसेना. आणि हाक आली.

"मियद."

पुढचं तिनं ठरवून केलं नाही. इतकी वर्षं मिटलेले ओठ आपोआप उघडले. "ओ," ती ओरडली, "आले गं, आले. पाय हलवू नकोस. आहेस तिथंच थांब, मी दिवा घेऊन येते. चामलोंग, थांब." बॅटरी पेटवून ती चरात उतरली, पलीकडं चढली, गुडघ्यावर पडली, उठली. झाडाझाडाच्या बुंध्याशी झोत टाकत, नाव घेत ती पळत होती. कुणी आपल्याला घेऊन जाईल याचं तिला भान नव्हतं. पोचायला उशीर होऊ नये, एवढंच डोक्यात होतं.

"पा."

आवाज पाठीमागून आला. लामियद वळली आणि झोत सरळ कानिथाच्या डोळ्यांवर पडला. पोरीनं हात आडवा धरला. तिच्या कपाळावर दिवा होता, पेटलेला. ती बागेच्या पार खालच्या टोकाला, ओढ्याच्या अंगाला काम करत होती, ओरडणं ऐकून धावत आली होती.

"तू हाक मारलीस?" लामियदनं विचारलं.

"नाही. तू आईला का बोलावत होतीस?"

लामियदनं बॅटरी खाली घेतली. आता उद्या म्हणायला जागा नव्हती. ती ओल्या पाचोळ्यावर बसली आणि तिनं सांगितलं. उशीर झाला ते, दिवा विझवला ते, घरी जाऊन पांघरूण घेतलं ते. "ताप नव्हता मला. मी होते. तिनं हाक मारली आणि मी बसून राहिले."

कानिथा उभीच होती. "आईनं कितीदा हाक मारली?"

दोनदा म्हणता आलं असतं. दोनदा म्हटलं असतं तर कुणीही माफ केलं असतं, गावातल्या प्रत्येकानं तेच केलं असतं.

"तीनदा," लामियद म्हणाली. "मी मोजल्या."

कानिथानं शिव्या द्याव्यात, हातातली बॅटरी डोक्यात घालावी, असं लामियदला मनापासून वाटत होतं. मग पोर खाली वाकली, पाचोळ्यात पडलेला लामियदचा चाकू उचलून तिच्याजवळ ठेवला, आणि दुसरीकडं पाहत हळू आवाजात बोलायला लागली.

"दवाखान्यात मी आईच्या उशाशीच होते. बाबा सारखे विचारत होते, शेजारी लामियद असताना तिला का नाही बोलावलंस म्हणून. आईची जीभ जड झाली होती, तरी तिनं सांगितलं. म्हणाली, मियद आज आलीच नसणार. तिला भीती वाटू नये म्हणून मी मोजून तीनदा हाक मारली. असती तर ती आली असती."